मोंढ्यातून महाविद्यालयात : पहिल्या सत्राची तयारी

आषाढ लागला की आमच्या आष्टी तालुक्यातील जैन घरांत दोन तयाऱ्या एकाच वेळी सुरू होतात. एक चातुर्मासाची : स्थानकाची स्वच्छता, साधु-साध्वीजींच्या मंगल प्रवेशाचे नियोजन, बाहेरगावाहून दर्शनार्थ येणाऱ्यांची व्यवस्था. दुसरी, बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना पुण्याला, अहिल्यानगरला किंवा छत्रपती संभाजीनगरला पोहोचविण्याची. पहिल्या तयारीचा सराव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. कोणी काय करायचे हे सांगावेही लागत नाही. दुसरीचा सराव मात्र अद्याप पेटी भरण्यापुरताच आहे. गादी, चादरी, खाकऱ्याचे चार डबे, लोणच्याची बरणी, मामांकडून आलेले घड्याळ आणि स्थानकात जाऊन घेतलेली मांगलिक. एवढे झाले की मुलाला शहरात सोडून वडील रात्रीच्या गाडीने परततात, कारण सकाळी मोंढ्यात लिलाव असतो.

मी स्वतः आडत व्यापाऱ्याचा मुलगा आहे आणि गेली सत्तावीस वर्षे वाणिज्य शाखेत अध्यापन करीत आहे. या काळात एक दृश्य मी दर दिवाळीला पाहतो. जूनमध्ये ज्याला पेढे देऊन निरोप दिला, तो मुलगा पाडव्याच्या दिवशी दुकानाच्या गादीवर बसलेला असतो. विचारले तर उत्तर येते, ‘‘तिकडचे काही जमले नाही, सर. आता येथूनच बाहेरून परीक्षा देईन.’’ तो बुद्धीने मंद नसतो आणि घरी पैशाचीही अडचण नसते. पहिले सत्र त्याला ओलांडता आलेले नसते, एवढेच. दुकानात बसणे हे कमी प्रतीचे काम आहे असे मी मुळीच म्हणत नाही; माझे शिक्षण त्याच गादीच्या उत्पन्नावर झाले. परंतु निवड करून गादीवर येणे आणि हरून येणे यांत फरक आहे. हरून आलेला मुलगा पुढे कित्येक वर्षे ग्राहकाशी बोलतानाही थोडा खाली पाहूनच बोलतो.

माझी स्वतःची कथाही फारशी गौरवाची नाही. त्या काळी सत्रपद्धती नव्हती, सहामाही परीक्षा असे. जिल्ह्याबाहेरील एका महाविद्यालयात मी बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि पुस्तपालनाच्या तासाला बसणे मला अपमानास्पद वाटू लागले. दहाव्या वर्षापासून मी वडिलांच्या शेजारी बसून रोजमेळ लिहीत होतो. मला कोण हिशोब शिकविणार? सहामाहीत शंभरपैकी चोवीस गुण पडले. कारण अगदी साधे होते. आमच्या लाल बासनातील देशी नाम्याच्या वहीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. महाविद्यालयात शिकविल्या जाणाऱ्या द्विनोंदी पद्धतीत डावी बाजू नावेची आणि उजवी जमेची. माझा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने चालला आणि अर्धी खाती उलटी उतरली. दुसऱ्या आठवड्यात वर्गात बसलो असतो तर हे एका तासात समजले असते. ती उत्तरपत्रिका मी घरी दाखविली नाही. वडिलांना ते कळले दोन वर्षांनी, आणि ते एवढेच म्हणाले, ‘‘वहीला शिवण्याआधी ती कोणाची आहे हे पाहायचे असते.’’

व्यापारी घरातील मुलांचा पहिल्या सत्रातील मुख्य धोका हाच आहे, असे मला अनुभवान्ती वाटते. त्याला पुष्कळ ठाऊक असते. मात्र महाविद्यालय तेच वेगळ्या पद्धतीने विचारते. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र त्याने दुकानात भरलेले असते, पण त्या करामागील तत्त्व चार वाक्यांत लिहिता येत नाही. उधारी कोणाला द्यावी हे तो माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखतो, पण पतधोरणावरील प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी पहिली विनंती करतो की, प्रवेश आणि वर्ग यांच्यामधल्या महिन्यात मुलाला दुकानात पूर्णवेळ जुंपू नका. रोज दोन तास तरी त्याला वाचायला आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत लिहायला बसवा. विषय कोणताही चालेल. शिकवणी वर्गांच्या छापील टिपणांवर बारावी पार पडते. पुढे तसे होत नाही.

घराबाहेर पडून शिकणे आपल्या भागाला नवे नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे आणि तेथील माध्यम उर्दू होते. आष्टी तालुक्यातून मात्र इंग्रजी राज्याची हद्द जवळ होती. पलीकडे पाथर्डीत आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने 1923 मध्ये श्री तिलोक जैन ज्ञानप्रसारक मंडळ स्थापन झाले होते, आणि अनेक घरांतील मुले हद्द ओलांडून तिकडे शिकायला गेली. आमच्या तालुक्यातील कडा येथे आचार्य अमोलकऋषीजींच्या नावाने श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ उभे राहिले. आज त्याच्या महाविद्यालयात कला, विज्ञान आणि वाणिज्य या तिन्ही शाखा आहेत आणि तेथे शिकणारी बहुसंख्य मुले जैनेतर शेतकरी घरांतील आहेत, ही गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते 23 ऑगस्ट 1958 रोजी. आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात.

आपल्या पूर्वजांनी केवळ शाळा-महाविद्यालये काढली नाहीत. त्याआधी त्यांनी वसतिगृहे काढली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी आपल्या वडिलांच्या नावे उभारलेले हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेले दिगंबर जैन बोर्डिंग, आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने मुंबईत 1915 मध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्यासह अन्यत्र पसरलेले श्री महावीर जैन विद्यालय. कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी पुढे 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. या संस्थापकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : मूल शिकायला गेले की आधी त्याच्या जेवणाचा आणि निजण्याचा प्रश्न सुटला पाहिजे, मग पुस्तकाचा. आपण मात्र आज महाविद्यालयाच्या नावाची चौकशी सहा महिने करतो आणि राहण्याची सोय शेवटच्या चार दिवसांत पाहतो. समाजाच्या वसतिगृहात जागा हवी असल्यास बारावीच्या निकालाची वाट न पाहता चौकशी करावी.

आता कागदपत्रांविषयी. यादी महाविद्यालय देतेच, तिची पुनरुक्ती करीत नाही. पण आपल्या घरांत वारंवार नडणाऱ्या दोन बाबी सांगतो. पहिली, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माचा रकाना. 27 जानेवारी 2014 रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. जैन अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात, अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्त्याही आहेत. परंतु कित्येक दाखल्यांवर अजून ‘हिंदू - जैन’, ‘हिंदू - ओसवाल’ किंवा नुसतेच ‘वाणी’ असे लिहिलेले सापडते, आणि मग ऐन प्रवेशफेरीत धावपळ होते. ही दुरुस्ती शाळेत असतानाच करून घ्यावी. दाखला हाती पडल्यावर ती फार अवघड होते. दुसरी बाब आडनावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर मुथा, आधारपत्रावर जैन आणि बँकेच्या खात्यावर केवळ नाव व वडिलांचे नाव, असा प्रकार आपल्याकडे सर्रास आहे. आता प्रत्येक विद्यार्थ्याचे श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत ऑनलाइन जमा होतात आणि त्यासाठी ‘अपार’ क्रमांक लागतो. आधारावरील व गुणपत्रिकेवरील नावात फरक असला की तेथेच गाडी अडते. कुळाचे नाव लावायचे की ‘जैन’ लावायचे, हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न. मात्र सर्वत्र एकच लावावे.

आपला समाज म्हणजे सधन समाज, अशी समजूत आपणच करून घेतली आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत लहानशा किराणा दुकानावर चालणारी घरे कमी नाहीत. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मालमत्तेच्या अटी पूर्ण होत असतील, तर तहसील कार्यालयातून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळते. या घटकातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने 2024-25 पासून लागू केला आहे. ‘लोक काय म्हणतील’ या संकोचापोटी हे प्रमाणपत्र न काढलेले पालक मी पाहिले आहेत, आणि त्याच पालकांनी पुढे मुलीचा प्रवेश खर्चाचे कारण सांगून रद्द केलेलाही पाहिला आहे.

पहिल्या सत्रात नेमके काय असते, हे पालकांनीही समजून घ्यावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता केवळ पाच-सहा ठरलेले विषय नसतात. मुख्य विषय, त्याच्या जोडीला अन्य शाखेतून घ्यावयाचा खुला ऐच्छिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम अशी मांडणी असते. सत्राचे श्रेयांक सुमारे वीस ते बावीस. एक श्रेयांक म्हणजे सिद्धान्ताचे पंधरा तास. प्रात्यक्षिक असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणजे सत्राला तीनशेहून अधिक तास वर्गात जातात, आणि हे सारे साधारण पंधरा आठवड्यांत. शिवाय गुणांचा एक भाग अंतर्गत मूल्यमापनाचा असतो : चाचणी, स्वाध्याय, सादरीकरण. ‘परीक्षेआधी महिनाभर बसेन’ हा बारावीचा मंत्र येथे निष्फळ ठरतो, कारण त्या महिन्याआधीच बरेच गुण हातचे गेलेले असतात. खुला ऐच्छिक विषय निवडताना मित्राने घेतला म्हणून किंवा सोपा ऐकला म्हणून घेऊ नये. वाणिज्याच्या मुलाने मानसशास्त्र किंवा एखादी परकीय भाषा घेतली तर ती आयुष्यभर दुकानातही उपयोगी पडते, असा माझा आपला पक्षपात आहे.

आणि एखादा विषय राहिलाच तर? येथे वडीलधाऱ्यांची जुनी समजूत आड येते. त्यांच्या काळी नापास म्हणजे वर्ष गेले. आता एक-दोन विषय राहिले तरी विद्यापीठाच्या नियमांच्या मर्यादेत पुढील सत्रात जाता येते आणि राहिलेला विषय पुन्हा देता येतो. मुले त्याला एटीकेटी म्हणतात. मी वर उल्लेखिलेल्या दिवाळीत परतलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या बाबतीत तरी प्रश्न एका विषयाचा होता. घरात मात्र तो ‘नापास झाला’ या दोन शब्दांत मांडला गेला, आणि मुलाने पेटी परत आणली.

आता जेवणाचा विषय घेतो, कारण आपल्या मुलांचे अर्धे मन तेथेच गुंतलेले असते. कांदा, लसूण, बटाटा न खाणारा मुलगा पुण्यासारख्या शहरात उपाशी राहत नाही. जैन भोजनालये आहेत, घरगुती डबे आहेत. खरी अडचण चौविहाराची आहे, आणि ती पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. जुलैमध्ये पुण्यात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. पाचला वर्ग सुटला तरी जेवण सहज होते. नोव्हेंबरात तोच सूर्यास्त सहाला येतो. साडेपाचपर्यंत प्रात्यक्षिक, वाटेत अर्धा तास, आणि खाणावळ उघडते साडेसातला. जुलैत सहज पाळलेला नियम दिवाळीच्या सुमारास मोडू लागतो, आणि मोडला हे मुलगा घरी सांगत नाही. नियम मोडल्यापेक्षा हे लपविणे त्याला अधिक पोखरते. माझ्या मते हा विषय घरातून निघण्यापूर्वीच आईवडिलांनी, शक्य असल्यास साधु-साध्वीजींच्या समोर, मोकळेपणाने बोलावा. कोणता नियम रोज झेपेल, कोणता अष्टमी-चतुर्दशीला, कोणता सुट्टीत घरी आल्यावर? मर्यादा ठरवून घेतलेले छोटे पच्चक्खाण मुले अभिमानाने पाळतात. न झेपणारे ओझे दिले तर ती धर्मापासूनच दूर सरकतात, हे आपण सर्वांनीच थोड्याफार प्रमाणात पाहिले आहे.

पर्युषणाचेही तसेच. श्रावणाच्या अखेरीस आणि भाद्रपदात पर्व येते, आणि नेमक्या त्याच सुमारास पहिली अंतर्गत चाचणी असते. गतवर्षी संवत्सरी ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात होती. चाचणीच्या तारखा आधी कळतात. वर्गशिक्षकांना आठवडाभर अगोदर लेखी अर्ज दिला तर बहुतेक शिक्षक पर्यायी दिवस देतात. मी स्वतः दिला आहे. मात्र आठही दिवस गैरहजर राहून नंतर ‘आमचे पर्व होते’ असे सांगणाऱ्याला कोणीही दाद देणार नाही. उपवास करायचा तर कोणत्या दिवशी करायचा, हेही वेळापत्रक पाहून ठरवावे. अठ्ठाई करून प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडलेला एक विद्यार्थी मला आठवतो. त्याच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे, पण त्याच्या घरच्यांनी त्याला त्या दिवसांत विश्रांतीची सवड आहे का, एवढे तरी विचारायला हवे होते.

येथे पालकांविषयी एक तक्रारही नोंदवितो. ऑक्टोबरात कापूस आणि सोयाबीन बाजारात येऊ लागते, पुढे लगेच दिवाळीची गर्दी. रात्री नऊला मुलाचा फोन वाजतो, ‘‘सीझन आहे, चार दिवस येऊन जा.’’ चार दिवसांचे नऊ होतात. पुष्कळ ठिकाणी पंच्याहत्तर टक्के उपस्थिती सक्तीची असते आणि दिवाळीच्या मागेपुढेच सत्रान्त परीक्षा असते. ज्या मुलाला दूर पाठविताना आपण लाखभर रुपये भरले, त्याला आपणच एका माणसाच्या रोजंदारीसाठी परत बोलावतो. हिशोबात इतका काटेकोर असलेला आपला समाज हा व्यवहार कसा करतो, हे मला उमगलेले नाही. 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडहून अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाली, कड्यालाही स्थानक आहे. प्रवास सोपा झाला ही आनंदाची गोष्ट. पण त्यामुळे मुलाला बोलावणेही सोपे झाले आहे.

एकटेपणाविषयी थोडक्यात. पहिले सहा आठवडे सर्वांनाच जड जातात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलाला खोलीतील शांतताच सहन होत नाही. रोज एक ठरलेली वेळ घरच्या फोनसाठी ठेवावी, आणि त्या फोनवर गुणांची चौकशी करू नये. रॅगिंग हा कायद्याने गुन्हा आहे; महाराष्ट्रात त्याविरुद्ध 1999 पासून कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा 1800-180-5522 हा निःशुल्क क्रमांक मुलाच्या फोनमध्ये असावा. मन फारच खचल्यास शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. ‘आपल्या घरात असे काही होत नाही’ असे म्हणून हे दोन क्रमांक टाळू नयेत.

शेवटी माझ्या पुतणीचे सांगतो, कारण हा लेख लिहायला तीच कारण झाली. गतवर्षी तिला पुण्यात वाणिज्य शाखेत प्रवेश मिळाला. माझे थोरले बंधू राजी नव्हते. मुलीला बाहेर कशाला, येथूनच पदवी घेऊ द्या, दोन वर्षांत लग्नाचे पाहायचे आहे, असे त्यांचे म्हणणे. भाभींनी पंधरा दिवस काहीच वाद घातला नाही. सोळाव्या दिवशी त्यांनी वसतिगृहाचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘मुलगा असता तर तुम्ही आतापर्यंत खोली पाहून आला असता.’’ बंधूंनी सही केली, पण एक अट घातली : एका सत्रात जमले नाही तर परत यायचे.

निघताना मी तिला एक लहान वही दिली. रोजमेळाप्रमाणे लिहायची, फक्त पैसा नव्हे, वेळही. डावीकडे हाती आलेले तास, उजवीकडे ते कोठे गेले. पहिल्या महिन्याचे पान तिने मला फोनवरून दाखविले, तेव्हा बस आणि मोबाइल मिळून रोजचे साडेचार तास जात होते. तिने खोली बदलली नाही, फोनही टाकला नाही. बसमधल्या वेळेत ती अर्थशास्त्राची उजळणी करू लागली. सप्टेंबरच्या चाचणीत तिला लेखाकर्मात वीसपैकी नऊ गुण पडले. ती रडली, आणि मग मला विचारले, ‘‘काकासा, जमा डावीकडेच ना?’’ मी हसलो, आणि माझ्या चोवीस गुणांची गोष्ट कुटुंबात पहिल्यांदाच मोठ्याने सांगितली.

दिवाळीत ती चार दिवसांसाठी आली. वहीपूजनाच्या संध्याकाळी बंधूंनी नव्या वह्यांवर स्वस्तिक काढले, कुंकू लावले, आणि तिच्याकडे पाहून म्हणाले, ‘‘तुझी ती वहीही आण.’’ त्यांनी ती प्रथमपासून अखेरपर्यंत चाळली. झेरॉक्सला महिन्याला एवढे पैसे कसे लागतात, हा एकच प्रश्न विचारला, आणि ती वही पूजेच्या पाटावर, रोजमेळाच्या शेजारी ठेवली. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्याच सकाळी ती निघाली. सोमवारी तिचा पहिला पेपर होता. या वेळी तिला सोडायला बंधू स्वतः गेले. लिलाव मी पाहिला.